न्हाणीघरातला लोदोस

लोदोस सुटला की आमच्या कादिकोयमध्ये कुणी कुणाला जाब विचारत नाही. दक्षिणेकडून तो कोमट, जड वारा येतो, समुद्र मसुरीच्या सुपासारखा गढूळ होतो, बोटी बंद पडतात, आणि एरवी धुक्यात दडलेली बेटं हात लांबवला तर लागतील इतकी जवळ येऊन बसतात. समुद्रपक्षी उडायचे सोडून रस्त्यावर चालू लागतात. माणसं डोकं धरून फिरतात. बसवाला थांबा चुकवतो आणि म्हणतो, लोदोस आहे. नवराबायको भांडतात आणि म्हणतात, लोदोस आहे. माझं लग्न मोडलं तेव्हा सासूबाईंनीसुद्धा आधी वाऱ्यालाच बोल लावला होता, मग मला.

तेव्हा बाबा लोदोसच्या दिवसांत डोकं दुखतं म्हणू लागले, तर त्यात मला काहीच वावगं वाटलं नाही. कुणाचं दुखत नाही?

माझे बाबा, नझमी, जन्मभर बोटीच्या पोटात राहिले. इस्तंबूलच्या या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यावर जाणाऱ्या बोटींच्या इंजिनखात्यात. वर लोक चहा पीत समुद्र बघायचे, बाबा खाली भट्टी बघायचे. आई गेल्यापासून ते कादिकोयच्या त्या जुन्या इमारतीत एकटेच होते. मी बोस्तांजीला राहते, तिथं माझं बटणं आणि अस्तरांचं दुकान आहे. आठवड्यातून एकदोनदा डबा घेऊन यायचं, फ्रिजमधलं शिळं फेकायचं, बाबांना चार शब्द सुनावायचे आणि परत जायचं, असा माझा शिरस्ता.

या माणसाला अंघोळीचा मनापासून कंटाळा. आई ओरडून ओरडून थकायची तेव्हा कुठे हे टॉवेल घ्यायचे. पण त्या हिवाळ्यात काय झालं कोण जाणे, वारा दक्षिणेला वळला की बाबा सकाळपासून अंघोळीच्या तयारीला लागायचे. दाढी करायचे. स्वच्छ सदरा काढून ठेवायचे. आत गेले की बराच वेळ बाहेर यायचे नाहीत, आणि बाहेर यायचे ते गाल डाळिंबासारखे लाल, डोळे अर्धे मिटलेले, चेहऱ्यावर असं हसू की लग्नातल्या फोटोतही नव्हतं. मग दिवाणावर पडून राहायचे. डोकं दुखतंय म्हणायचे, पण तक्रारीच्या सुरात नाही.

"आरोग्य लाभो, बाबा," मी म्हणायची. अंघोळ करून आलेल्याला आम्ही तसंच म्हणतो.

"लाभलं," ते डोळे न उघडता म्हणायचे.

मी खूश होते. म्हातारा सुधारला, एवढंच मला दिसत होतं.

एके दिवशी बोस्तांजीच्या माझ्या इमारतीत पाणी नव्हतं, म्हणून मी केस धुवायला बाबांकडे गेले. दुपारची वेळ होती. बाहेर लोदोस खिडक्या हलवत होता, समुद्राचा खारट, कुजका वास घरभर भरला होता. मी कालवलेल्या कांद्याच्या पातीचं भांडं स्वयंपाकघरात ठेवलं आणि न्हाणीघरात शिरले. भिंतीवर गॅसचा जुना पांढरा गीझर. त्याच्या छोट्या खिडकीतून ज्योत दिसत होती, मधासारखी पिवळी. मला ती सुंदर वाटली. आईच्या चौरंगावर बसून मी डोक्यावर पाणी घेऊ लागले.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. वाफ दाटत गेली. पाण्याचा आवाज दूर गेला, कुणी दुसऱ्याच घरात भांडी विसळत असावं तसा. हातातलं तांब्याचं भांडं जड झालं, मग ते माझ्या हातात आहे हेच मी विसरले. अंग हलकं, हलकं. आणि घरातल्या बोळातून आईच्या सपाता वाजल्या. तिचा डावा पाय जरा ओढल्यासारखा पडायचा. तस्साच. ती आत आली. मी वळून बघितलं नाही, कशाला बघायचं, आईच ती. तिनं माझे केस बाजूला केले आणि म्हणाली, "नर्मिन, कानामागे धू. कानामागे कोण धुणार?"

पन्नाशीची बाई मी, ग्राहकांवर खेकसणारी, नवऱ्याला घराबाहेर काढलेली. तिथं चौरंगावर बसून मी लहान मुलीसारखी मान खाली घातली आणि कानामागे धुतलं. मला उठायचंच नव्हतं. आयुष्यात कधी इतकं बरं वाटलं नव्हतं.

धाडधाड दार वाजलं. "नर्मिन! बाहेर ये! ऐकतेस का? बाहेर ये म्हणतो!"

बाबा ओरडत होते. बाबा कधीच ओरडत नाहीत. मी कशीबशी गाऊन गुंडाळून कडी काढली, तोच त्यांनी माझा दंड धरला आणि मला ओढत स्वयंपाकघराच्या बाल्कनीत नेलं. "हवा घे. मोठ्यानं घे. अजून."

माझ्या कपाळावर घण पडत होते.  तरी मी हसत होते. "बाबा, आई आली होती."

बाबांनी हात सोडला. "काय म्हणालीस?"

"आई. सपाता वाजल्या. कानामागे धू म्हणाली."

ते खुर्चीवर बसले. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला तेव्हा वाचता आलं नाही. मग ते म्हणाले, "लोदोस आहे. घरी जा. बसनं नको, किनाऱ्यानं चालत जा."

मी चालत निघाले. वारा अंगावर येत होता, ओढणी तोंडावर फडफडत होती, लाटा दगडांवरून उसळून रस्त्यावर पडत होत्या. आणि किनाऱ्यावरच्या मोदाच्या वळणापर्यंत येता येता माझ्या लक्षात आलं की माझं डोकं दुखत नाहीये. वारा तोच. उलट इथं तो जास्तच चेकाळला होता. बाकावर एक बाई कपाळाला रुमाल बांधून लोदोसला शिव्या देत बसली होती, आणि माझं डोकं धुतल्यासारखं स्वच्छ.

मग ते दुखणं वाऱ्यात नव्हतं. ते घरात होतं.

 त्या रुमालवाल्या बाईशेजारीच मी बसले. दर हिवाळ्यात बातमी येते. गीझरचा धूर कोंडून कुणी न्हाणीघरात सापडली, दार फोडावं लागलं, गाल कसे लालबुंद होते म्हणे. आम्ही वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. बाबांचे डाळिंबी गाल माझ्या डोळ्यांपुढे आले.

मी तिथूनच गीझरच्या, परवाना असलेल्या सर्व्हिसला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं विचारलं, ज्योत निळी की पिवळी, धुराचं नळकांडं कुठं जातं, घरात कुणाचं डोकं दुखतं का. मी उत्तरं देत गेले आणि तिचा आवाज बदलत गेला. "माणूस येईपर्यंत गीझर पेटवायचा नाही, बाई. हात धुवायलाही नाही."

मग बाबांना फोन. मला वाटलं, आता तासभर वाद. चहाचा रंग एक छटा इकडेतिकडे झाला तर वाद घालणारा माणूस. पण ते नुसतं "बरं" म्हणाले. माझ्या आवाजात जरब आहे, असा मी अर्थ काढला.

सर्व्हिसवाल्या बाईंचं नाव तूबा. तिशीतली, निळा डगला, केस आवळून बांधलेले, हातात जड पेटी. वारा पुन्हा दक्षिणेला वळला त्याच दिवशी ती आली. याच वाऱ्यात तपासायला हवं, असं तिनंच कळवलं होतं. दारात बूट काढून तिनं पिशवीतून स्वतःच्या सपाता काढल्या, चहा नको म्हणाली आणि सरळ आत गेली.

पण तिच्या आधी शाबान उस्ताद येऊन बसले होते. शाबान म्हणजे बाबांचा कट्ट्यावरचा मित्र. नळ गळो, दिवा जावो, टीव्ही रुसो, आमच्या घरी शाबानच यायचे, आणि त्यांना परवाना विचारणं म्हणजे सख्ख्या मामाला ओळखपत्र विचारण्यासारखं. गीझर त्यांनीच बसवला होता. इमारतीचं जुनं धुराडं बुजलं तेव्हा त्यांनी नळकांडं वाकवून मधल्या डक्टमध्ये काढून दिलं. त्याच डक्टमधून वरच्या मजल्यावरच्या पेरिहानकाकूंच्या मासे तळण्याचा वास यायचा, म्हणून न्हाणीघराच्या भिंतीतलं हवेचं भोकही त्यांनीच चिंधी कोंबून बंद केलं होतं. एका हातासरशी दोन्ही कामं.

"बसवला तेव्हा मी स्वतः लायटर धरून बघितलं होतं," शाबान छाती काढून म्हणाले. "ज्योत अशी आत ओढली जात होती! धूर वर जातो, मुली. आमची कामं तोंडी नसतात."

"वारा कुठला होता, उस्ताद?" तूबानं विचारलं.

"तो मला काय विचारून येतो? उत्तरेचा असेल. चांगली हवा होती."

"मग आज धरा लायटर. तुमच्याच हातानं."

तिनं खिडकी लावली, आम्हाला दाराशी उभं केलं, गरम पाण्याचा नळ सोडला. गीझर भक्कन पेटला. वर डक्टमध्ये लोदोस घुमत होता, बाटलीच्या तोंडावर फुंकर घालावी तसा. शाबान उस्तादांनी ऐटीत लायटर पेटवून गीझरच्या वरच्या कडेला धरला.

ज्योत आत गेली नाही. ती बाहेर वळली, थरथरली आणि आडवी होऊन सरळ उस्तादांच्या मिशीकडे झेपावली.

"अगं आई गं!" शाबान मागे सरकले ते माझ्या पायावर. तेवढ्यात तूबाच्या हातातलं, विषारी वायू मोजायचं यंत्र किंचाळायला लागलं. तिनं नळ बंद केला, सगळ्यांना बाहेर काढलं आणि घरातल्या एकूण एक खिडक्या उघडल्या.

"उत्तरेच्या वाऱ्यात धुराडं ठीकच चालतं," ती म्हणाली. "खोटं तेव्हाच बोलतं. दक्षिणेचा वारा धूर उलटा खाली दाबतो, आणि तुम्ही हवेला यायला भोकही ठेवलेलं नाही, जायलाही नाही. या घरातलं माणूस अजून चालतंबोलतं आहे, याचंच मला नवल वाटतंय." तिनं गॅसचा कॉक बंद करून त्याला लाल सील ठोकलं. "हे मी तुम्हाला विचारून करत नाहीये. नियमच आहे."

शाबान मिशी चाचपत होते. "नझमी, शप्पथ, मला वाटलं लोदोसमुळे तुझं डोकं..."

"जा तू, शाबान," बाबा मऊ आवाजात म्हणाले. "तुझी काही चूक नाही. जा, चहा घे जाऊन."

शाबान गेले. घरभर वारा खेळत होता, पडदे छताला लागत होते. बाबा न्हाणीघराच्या दारात उभं राहून त्या लाल सीलकडे बघत होते.

"ज्योत पिवळी कधीपासून आहे, ते नाही विचारलंस," ते तूबाला म्हणाले.

"कधीपासून?"

"पानगळीपासून. आधी टोकाला पिवळी झाली, मग सगळीच."

"तुम्हाला कसं कळलं, काका?"

"मुली, मी जन्म भट्टीसमोर काढलाय."

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला, आणि माझ्या तोंडून आवाज फुटला तो खालच्या गल्लीत गेला असेल. "तुम्हाला माहीत होतं? माहीत असून तुम्ही आत बसत होता?"

"ओरडू नकोस. पाहुणी आहे घरात."

"खड्ड्यात गेली पाहुणी! बाबा, का?"

तूबानं पेटी उघडून उगीच हत्यारं पुसायला घेतली. बाबा चौरंगाकडे बघत बोलले, कुणी बाजाराची हकीकत सांगावी तसं. "ती येते. पाणी अंगावर घेतलं की थोड्या वेळानं सपाता वाजतात. टबाच्या कडेवर बसते. माझी पाठ चोळते. विशेष काही बोलत नाही गं. पेरिहानच्या चहाड्या सांगते. मुरंब्याच्या कुठल्या बरणीला बुरशी आली ते सांगते. मी म्हणतो, मुअल्ला, थांब जरा, तर म्हणते, पाणी गार होईल, जा आता. तीच मला उठवते. मी कुठला उठतोय."

"आणि एखाद्या दिवशी तिनं उठवलं नसतं तर?"

"म्हणून मी कडी लावत नव्हतो," बाबा म्हणाले. "तुला दार फोडायला लागू नये."

मी भिंतीला टेकले. इतका राग आला की हे म्हातारं पोर उचलून आपटावं. आणि त्याच रागाच्या पोटात दुसरं काहीतरी होतं, ते मी सांगून टाकते. मला मत्सर वाटला. सगळा हिवाळा आई त्यांच्याकडे येत होती, आणि माझ्याकडे एकदाच.

"मग या बाईंना येऊ कशाला दिलंत?" मी विचारलं. "फोनवर बरं का म्हणालात? शाबानला मध्ये घालून पळवून लावायचं होतंत."

बाबांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "त्या दिवशी तू म्हणालीस, आई आली होती. ती माझ्याकडे येत होती तोवर माझं मी बघत होतो. तुझ्याकडे यायचं तिला काय काम?"

तूबाचा हात थांबला.  वाऱ्यानं बाल्कनीचं दार आपटलं, तेव्हा ती उठून त्याला खुर्ची लावून आली.

मग तिनं स्वयंपाकघराच्या बाहेरची भिंत ठोकून बघितली आणि नवा गीझर कुठं बसेल ते समजावलं. बंद पेटीचा, बाहेरची हवा घेणारा आणि बाहेरच सोडणारा, घरातल्या हवेशी ज्याचा काही संबंध नाही असा. बाबा मान डोलवत ऐकत होते. त्यांना यंत्रं कळतात. शेवटी त्यांनी विचारलं, "तो बसवला की मग... लोदोसमध्येसुद्धा... कोणी येणार नाही ना?"

तूबानं खोटं बोलायला हवं होतं असं मला त्या क्षणी वाटलं. ती बोलली नाही.

"नाही, काका," ती म्हणाली. "फक्त गरम पाणी येईल."

नवा गीझर बसला. बोळात धोक्याची सूचना देणारं छोटं यंत्र लागलं. भिंतीतलं भोक मोकळं झालं आणि पेरिहानकाकूंचे मासे पुन्हा आमच्या घरी हजेरी लावू लागले. बाबा तोंड धुवायलासुद्धा गरम पाणी घेत नव्हते. 

मग एका सकाळी बेटं जवळ आली. मी दुकान बंद ठेवलं आणि कांदे घेऊन, बटाटे घेऊन, काहीतरी निमित्त करून बाबांकडे गेले. त्यांनी दाढी केली होती. स्वच्छ सदरा खुर्चीवर होता. माझ्याकडे न बघता ते आत गेले.

मी बोळात उभी राहिले. पाणी पडत होतं. स्वच्छ, जवळचं, साधं पाणी. सपाता वाजल्या नाहीत. मी कान देऊन उभी होते आणि देवाची शपथ, मलाही त्या वाजायला हव्या होत्या.

बाबा लवकरच बाहेर आले.

"आरोग्य लाभो, बाबा."

त्यांनी उत्तर दिलं नाही. गाल त्यांच्या नेहमीच्या रंगाचे होते, कागदासारखे. खिडकीशी जाऊन बसले.

"डोकं दुखतंय?"

"नाही," ते म्हणाले. "जरासुद्धा नाही." जणू कुणी त्यांचं काही काढून घेतलं होतं. घेतलंच होतं, मीच घेतलं होतं. मग ते म्हणाले, "पाठ तशीच राहिली, नर्मिन," आणि रडू लागले.

आईच्या दफनाला ते रडले नव्हते. आलेल्यांना चहा देत फिरले होते, कुणाचा तरी कोट दुरुस्त केला होता, मशिदीचा गळका नळ आवळला होता. लोक म्हणाले, खंबीर आहे. आता सगळं अंग गदगदत होतं. मी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले आणि मीही रडले, मोकळेपणानं, आवाज करून.

कितीतरी वेळानं त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं. "तिचा हलवा केला होता का गं?" माणूस गेलं की आमच्याकडे घरात पीठ भाजून हलवा करतात.

"केला होता. पेरिहानकाकूंनी केला होता."

"मी खाल्ला नाही." ते उठले, स्वयंपाकघरात गेले, लोणी शोधलं, कढई शोधली. पिठाचा डबा मी काढून दिला. त्यांनी मंद आचेवर पीठ भाजायला घेतलं, आणि ज्योत निळी आहे ना, हे वाकून बघितलं. हात थकला की कालथा मी घ्यायची, मग पुन्हा ते. पीठ हळूहळू तांबूस होत गेलं आणि त्याचा तो वास, आमच्याकडच्या कुठल्याही पोराला ओळखता येईल असा वास, खिडकीतून वर गेला.

वरच्या मजल्यावर दार आपटलं. जिन्यात धावती पावलं. घंटा वाजली, थांबेचना. बाबांनीच दार उघडलं, हातात कालथा घेऊन. पेरिहानकाकू डोक्याला कसाबसा रुमाल गुंडाळून उभ्या होत्या, धापा टाकत.

"भाऊजी, पिठाचा वास आला! कोण गेलं?"

"मुअल्ला," बाबा म्हणाले. "मुअल्ला गेली, पेरिहान."

पेरिहानकाकूंनी माझ्याकडे बघितलं. आईला शेवटची अंघोळ ज्या बायकांनी घातली, त्यांत त्या होत्या.  त्यांनी चपला बाहेर काढल्या, आत आल्या, बाबांच्या हातातून कालथा घेतला आणि कढईपाशी उभ्या राहून पीठ हलवू लागल्या.

"कधी गेली, भाऊजी?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच," बाबा म्हणाले.